धातूंचा थकवा आणि माझी लोकप्रियता

३ सप्टेंबर
परदेशातला पहिला वर्ग. विषय माझा लाडका: धातूंचा थकवा. लोखंड वर्षानुवर्षं वाकत राहिलं की कसं दमतं आणि एक दिवस काडकन कसं तुटतं. बावीस विद्यार्थी, सगळे मंत्रमुग्ध. एकानेही प्रश्न विचारला नाही, म्हणजे सगळं कळलं.
विभागप्रमुख बाई म्हणाल्या की नेमणूक सध्या एका सत्राची आहे, प्रतिसाद चांगला असला तर पुढे तीन वर्षं. मी मनातल्या मनात तीन वर्षांचं सामान लावूनसुद्धा टाकलं. घरी येऊन सौ.ला म्हटलं, सोफा बघायला हवा. ती म्हणाली, आधी मोजे धुवायला टाका.
संकल्प: रोज पहाटे धावणे. महिन्याला एक शोधनिबंध.

४ सप्टेंबर, पहाटे
धावलो नाही. बुटांना इथली हवा मानवायला हवी.

११ सप्टेंबर
वर्गात चौदा. चाळण लागली, चोखंदळ तेवढे उरले. पहिल्या बाकावरची एक मुलगी तासभर स्वेटर विणते आणि विणताना मान डोलावते. माझ्या बोलण्याला लय आहे हे मी पूर्वीपासून सांगत आलोय.
इथे प्रत्येक लेक्चरचं रेकॉर्डिंग वेबसाइटवर चढतं. कुणीही बघावं! सौ.ने आपणहून लिंक मागितली. लग्नाला इतकी वर्षं झाल्यावर बायको नवऱ्याचं लेक्चर मागते. भरून आलं. लगेच पाठवली.

२० सप्टेंबर
तळमजल्यावरच्या लाँड्रीत मशीन लावलं. लोकरीचा स्वेटर आत गेला माझ्या मापाचा, बाहेर आला भाच्याच्या मापाचा. सौ. तो माझ्या छातीला लावून बराच वेळ बघत बसली.
शेजारच्या घरातले गृहस्थ बादली घेऊन उभे होते. त्यांना उष्णतेने धागे का आकसतात ते मुळापासून समजावलं. तिसऱ्यांदा ‘व्हेरी इंटरेस्टिंग’ म्हणून ते ओले कपडे तसेच घेऊन वर पळाले. टिपणं काढायची घाई असणार.

२ ऑक्टोबर
वर्गात सहा. काळजी? छे! आज सहज वेबसाइटवरचे आकडे उघडले आणि खुर्चीतून पडायचा राहिलो. माझं गंजावरचं लेक्चर तीनशेहून जास्त वेळा बघितलं गेलंय! विभागप्रमुख बाईंचं सगळ्यात गाजलेलं लेक्चर अकरा वेळा. त्यात दोनदा मीच.
आता उलगडा झाला. पोरं घरी बसून बघतात. पिढी लाजाळू आहे, बाकी काही नाही.

३ ऑक्टोबर
आकड्यांचा खोलवर अभ्यास केला. (वर्गाची तयारी राहिली. चालायचंच.) लोक माझं लेक्चर बघतात ते इथे उजाडायच्या आत! बाहेर काळोख, थंडी मी म्हणतेय आणि ही मुलं धातूंच्या थकव्याला बसलीत! शिवाय एकानेही लेक्चर मध्येच थांबवलेलं नाही. पहिल्या शब्दापासून शेवटच्या शब्दापर्यंत. दुसऱ्या दिवशी पुन्हा तेच. याला पारायण म्हणतात.
सौ.ला हे सांगितलं तर तिने एकदम नळ सोडला आणि सिंककडे तोंड करून उभी राहिली. खांदे हलत होते. अभिमान अनावर झाला बिचारीला.

१० ऑक्टोबर
धावलो! बेकरीपर्यंत. परत येताना बस समोरच उभी होती, तिला नाही कसं म्हणणार.

२२ ऑक्टोबर
विभागप्रमुख बाईंनी बोलावलं. म्हणाल्या की वर्गात चारच जण उरलेत, अशाने हा विषय पुढे चालवता येणार नाही. मी शांतपणे आलेख त्यांच्यापुढे सरकवला. त्यांनी चष्मा काढला, पुसला, परत घातला. म्हणाल्या, आश्चर्य आहे.
लोखंड तापलेलं बघून मी घाव घातला. म्हटलं, माझं एक जाहीर व्याख्यान ठेवा. सभागृह भरलं तर तीन वर्षं द्या, नाही भरलं तर मी आपणहून बॅग भरतो. त्यांनी छोटी खोली सुचवली. मी चारशे खुर्च्यांच्या सभागृहावर अडून बसलो. शेवटी त्या हो म्हणाल्या. त्यांच्या चेहऱ्यावर इतकी कीव का होती कळलं नाही. कदाचित अकरा या आकड्याचा सल असेल.

५ नोव्हेंबर
तयारी जोरात. वॉचमनला गर्दी कशी आवरायची ते समजावलं. तो मान हलवत राहिला. सौ. म्हणाली की चार ओळखीच्यांना तरी बोलावून ठेवू या. मी म्हटलं, असल्यांना जागा कुठून देणार?
सुटाची पँट कमरेला लागत नाही. मी जाड झालेलो नाही. कापडही दमतं.

१२ नोव्हेंबर
व्याख्यान झालं. हजर: विभागप्रमुख बाई, विणकामवाली, माइकवाला, सौ. आणि थंडीतून आत शिरलेले एक आजोबा. हात गरम झाल्यावर आजोबा गेले. माइकची काहीच गरज नव्हती, तरी माइकवाल्याने शेवटपर्यंत तो चालू ठेवला. चांगला माणूस.
कारण माझ्या लक्षात आलंय. माझा श्रोता पहाटेचा, व्याख्यान ठेवलं संध्याकाळी. वेळ चुकली! सौ.ला हे सांगितलं तर आज ती हसली नाही. म्हणाली, चला, जेवून घ्या.

१९ नोव्हेंबर
बाईंनी कॉम्प्युटर विभागाकडून चौकशी करवली. माझी लेक्चरं बघणारे जवळजवळ सगळे दूरदेशी एकाच गावात आहेत. त्यातही एकाच गल्लीत. अगदी सौजन्याने त्यांनी विचारलं, तिथे तुमचं कुणी आहे का?
माझं गाव! माझी गल्ली! म्हणजे कीर्ती घरापर्यंत पोचली! बाईंनी अभिनंदन केलं आणि त्याच वाक्यात सांगितलं की विषय बंद, रेकॉर्डिंगही आजच वेबसाइटवरून काढली जातील. वाक्याचा पहिला भाग मी जास्त नीट ऐकला.

२१ नोव्हेंबर, पहाटे
तिकडे दुपार झालेली बघून आईला फोन केला. कीर्तीबद्दल तिच्याच तोंडून ऐकायचं होतं. पहिल्याच रिंगला उचलला आणि माझ्यावर उखडली. कालपासून तुझं ते बोलणं लागत नाही, काय करून ठेवलंस, म्हणाली.
मग कळलं. मी इकडे आल्यापासून काळजीने तिचा डोळ्याला डोळा लागत नव्हता. गोळ्या घेऊन झाल्या, तेल चोळून झालं. शेवटी सौ.ने माझी लिंक पाठवली. आईने फोन उशाशी ठेवला आणि माझ्या तिसऱ्या वाक्याला घोरायला लागली. तिने ते शेजारच्या काकूंना सांगितलं, काकूंनी मावशींना, आणि मावशींनी कुणालाच सांगायचं बाकी ठेवलं नाही. आता दुपारी जेवणं झाली की सगळी गल्ली मला लावून आडवी होते. गंजाचं सगळ्यात गुणकारी, आई म्हणाली. पुलाच्या लेक्चरात पूल तुटताना तू ओरडतोस, त्याने दचकायला होतं.
मी म्हटलं, आई, नोकरी गेली. मग सगळंच सांगितलं. चारशे खुर्च्या, ते आजोबा, बाईंचा चेहरा. इतके दिवस मी स्वतःला काय काय पटवत होतो तेही. आई हं, हं करत होती. मग हं थांबलं. मला वाटलं, रडतेय.
तेवढ्यात आईजवळ राहणारी माझी ताई फोनवर आली. अगदी कुजबुजत म्हणाली, झोपली रे. काल दिवसभर पडून होती पण डोळा नाही लागला. तू फोन ठेवू नकोस, बोलत राहा.
मी घसा साफ केला आणि हळू आवाजात गंजापासून सुरुवात केली.