नेमावरचे आढे

नेमावर,
माघ शुद्ध दशमी, शके १८२९

तीर्थरूप बाबांच्या पायांवर कुसुमने डोके ठेवले आहे असे समजून पुढे वाचावे. आम्ही दोघे खुशाल आहोत. आईच्या गुडघ्यांना आता कसे आहे? तिला नर्मदेची हवा मानवेल असे मला सारखे वाटते.

आपण आपल्या जावयांशी बोलणे टाकले त्याला दोन संक्रांती झाल्या. "लाकडाला लाकूडच धरते. तू लोखंडाचे बोल्ट ठोकशील त्या छपराखाली मी येणार नाही," हे आपले शब्द यांना अजून लागून आहेत. म्हणून लेखणी मी घेतली. बातमी आनंदाची आहे.

इथल्या धर्मशाळेचे काम यांच्याकडे आहे; तिच्या छपराच्या माथ्याचे आढे वसंतपंचमीला चढले. एवढ्या लांबीचे एकसंध सागवान सतवासच्या जंगलात मिळाले नाही, तेव्हा दोन ओंडके जोडायचे होते. यांनी बोल्ट मागवले होते आणि ते वाटेत आहेत या भरवशावर सकाळीच आढ्याची पूजा उरकली. हळदकुंकू लागले, नारळ फुटला. मग गाडी आली, तर बोल्ट आखूड. पूजा झालेले आढे रात्रभर जमिनीवर ठेवायचे नाही ही आपल्या सुतारांची रीत, आणि हे लोखंडाचे कितीही वेडे असले तरी ती मोडायला तयार नव्हते. डोक्याला हात लावून बसले. अंगणात पाहुणे लाडू खात होते.

शेवटी जोड आपल्या पद्धतीने झाला. दोन्ही टोके तिरपी कापून एकमेकांवर बसवली, मधे पाचर मारली, आडव्या लाकडी खुंट्या घातल्या. कापणारे माणूस धारचेच होते. दिवस मावळायच्या आत आढे वर गेले. उमाशंकर गवंडी खालून मान वाकडी करून जोड शोधत राहिला आणि म्हणाला, "भिया, जोड तो दिखेज नी."

यंदा हरभरा चांगला आला आहे. आमची म्हैस व्याली.

बरे, आता सांगूनच टाकते. ते धारचे माणूस मी. आपल्या घरी बायकांनी हत्यारांना दसऱ्याला हळदकुंकू लावायचे, एरवी शिवायचेसुद्धा नाही, हे मला ठाऊक आहे. पण लहानपणी आपल्या कामाच्या पडवीत ढलप्या वेचताना माझे डोळे आपल्या हातांवरच असत. कितीदा हाकललेत, तरी मी परत यायचे. त्या दिवशी मी यांना म्हटले, मला तो जोड येतो. हसतील असे वाटले होते. हसले नाहीत. सगळ्यांच्या देखत पटाशी माझ्यापुढे धरली आणि म्हणाले, "मी ओंडका धरतो, तू काप." बाबा, इतका आनंद मला लग्नातही झाला नव्हता. हे यांना कळू देऊ नका.

रागवायचे तर माझ्यावर रागवावे, यांच्यावर नको. जोडाची मधली खुंटी अजून ठोकलेली नाही. पाचरीवर आढे पक्के आहे, तरी ती खुंटी आपण येऊन ठोकावी असे यांनीच ठरवले आहे. छपरात कुठेही लोखंड नाही. दाराच्या बिजागऱ्यांकडे मात्र काणाडोळा करावा.

वाट पाहणारी,
कुसुम


धार,
माघ वद्य षष्ठी

चि. सौ. कुसुम हिला घरातल्या सगळ्यांचे आशीर्वाद.

पत्र पोचले. तू पटाशीला हात लावलास हे वाचून रागवायला बसलो होतो. तुझी आई म्हणाली, "रागवा, पण आधी तो जोड कसा असतो ते मला सांगा." खडू घेऊन जमिनीवर काढून दाखवू लागलो. दाखवता दाखवता माझाच आवाज चढला, आळीतले चारजण गोळा झाले, आणि मग त्यांनाही तुझे पत्र वाचून दाखवावे लागले. राग त्या गडबडीत राहून गेला.

जावईबापूंना सांग, भरल्या अंगणात बायकोच्या हाती पटाशी देणे माझ्याच्याने झाले नसते. त्यांना माझा रामराम.

सोमवारी महूहून निघतो. आईही येते आहे. हरद्यापर्यंत आगगाडी, पुढे छकड्याने नर्मदेपर्यंत, मग नाव. आगगाडीत लोखंडाशिवाय काही नाही म्हणतात, तरी बसेन. खुंटीला कुणी हात लावू नये. तुझ्या मुठीत बसेल अशी पटाशी घडवायला टाकली आहे, ती घेऊन येतो.

तुझा बाप, आणि आजपासून तुझा उस्ताद,
मानाजी सुतार