राणीच्या नाकावर घण

४ जुलै १९४९, सोमवार

स्वातंत्र्याला दोन वर्षं होत आली. रुपयावर अजून तोच परका राजा. आज संकल्प सोडला: देशाचं नवं नाणं मी करणार. एका बाजूला ज्वारीचं कणीस, दुसरीकडे माझा श्लोक. वृत्त शार्दूलविक्रीडित. कागदावरचं डिझाईन दिल्लीतला कारकून टोपलीत टाकील. चांदीत ठोकलेला नमुना टाकणार नाही.

आताच्या रुपयात चांदी कुठली? राणीछापच हवा. तो घरात एकाच ठिकाणी, हिच्या रुपयांच्या माळेत. सासूबाईंनी जाताना हिच्या गळ्यात घातलेली. पेटीतून निघते ती फक्त नागपंचमीला, हिचा भाऊ बन्सी पुणतांब्याहून न्यायला येतो तेव्हा. पंचमी महिनाअखेर. एकच रुपया घ्यायचा. तोवर सरकारचं मानपत्रही येईल.

७ जुलै

एक काढला. फरशीवर वाजवला. काय तो नाद! डोळे भरून आले. लहानपणी राणीच्या ज्युबिलीला शाळेत पेढे वाटले होते. मी राणीवर कविता म्हटली, एक चरण चुकलो. पंतोजींनी पाहुण्यांदेखत छडीने पाठ सोलली. गेले ते दिवस! छडीशिवाय वृत्त अंगात मुरत नाही. मीही जन्मभर तसंच शिकवलं. लहानपणी बन्सी माझ्याच वर्गात होता. त्याला तर फारच शिकवलं.

११ जुलै

बाबाजान लोहाराने पोलादाचा ठसा कोरला. श्लोक मावेना. मी म्हटलं, अक्षरं बारीक कर. तो म्हणाला, "मास्तर, ह्ये काय मुंग्यांनी वाचायचंय?" पहिला चरण ठेवला. उरलेले तीन जनता पाठ करील.

रुपया ऐरणीवर. राणीचं तोंड वर. म्हटलं, बाबाजान, तू मार. घण बसला, रुपया उडाला तो थेट माझ्या भुवईवर. राणीचं नाक गेलं. कणीस उमटलं नाही. नाण्यावर माझं रक्त सांडलं. शुभशकुन.

१५ जुलै

आणखी थोडे काढले. ठसा मी धरला. घण अंगठ्यावर. नख गेलं. बाबाजान म्हणतो, कणीस सोडा, घोडा घ्या, घोडा ठसठशीत उठतो. म्हटलं, देश ज्वारी खातो, घोडा नाही. त्याने सांडशी उगारली. मी कोळशाचं घमेलं फेकलं. त्याची दाढी जळाली, थोडीच. मग चहा झाला.

हिने अंगठा पाहिला. म्हटलं, दारात सापडला.

२१ जुलै

आज घण मी घेतला. मुकुट, वेणी, हनुवटी. एकेक घाव. मजा आली, का कोण जाणे. पाठीवरचे ज्युबिलीचे वळ आठवत होते. माळेत दोनच उरले होते. दोघांसाठी माळ कशाला? तेही घेतले.

२८ जुलै

कणीस एकदाच उमटलं, तेही मिशीसारखं. बाकी नुसत्या चपट्या चकत्या. कड्याही तुटल्या, माळेच्या गोफात परत ओवता येईनात. हरकत नाही. उद्या हिला श्लोकातच सगळं समजावीन. बायकांना वृत्त लवकर भिडतं.

२९ जुलै, नागपंचमी

बन्सी आला. हिने पेटी उघडली. आत रिकामा तांबडा गोफ. मी चकत्या पुढे मांडल्या, देशकार्य समजावलं. ही म्हणाली, "माझ्या आईचं तोंड ठोकलं तुमी." मी दुरुस्त केलं: राणीचं.

बन्सी उठला. बाह्या सारल्या. ही म्हणाली, "आज न्हाई रं बन्सी. आज भाजीसुदिक चिरीत न्हाईत."

"बरं आक्का. उद्या."

दिवसभर ओट्यावर शांत बसून होता, माझ्याकडे बघत. पुरणाची दिंडं जेवला. मलाही आग्रह, "खा दाजी. लागंल उद्या." सणाने माणूस किती मऊ होतो! त्याला श्लोक म्हणून दाखवला. एकाग्र होऊन ऐकला. बोटांवर लघू-गुरूही मोजले. प्रकरण मिटलं.

३० जुलै

सूर्य उगवायला आणि बन्सीने कडी लावायला गाठ पडली. "म्हना दाजी, कालचं."

म्हणू लागलो. त्याने लघूला सोडलं, गुरूला हाणली. शार्दूलविक्रीडितात आरंभीच तीन गुरू. मी थांबलो तर म्हणे, "पाठ न्हाई का?" आणि पुन्हा पहिल्यापासून. दात पडला. बरगडी बहुधा मोडली. वृत्तात मात्र एकदाही चुकला नाही. शिकवणं वाया जात नाही.

ही त्याच्याबरोबर गेली. चकत्याही नेल्या.

२६ ऑगस्ट

ही काल आली. बोलत नाही. गळा मोकळा. चकत्यांचं विचारलं नाही.

आज पेन्शनीत नवा रुपया मिळाला. कागदाचा. राजा नाही, सिंह आहेत. कविता नाही, कणीस नाही. मला कोणी विचारलं नव्हतं, हे आजच लक्षात आलं.

नोट हिला दाखवली. महिन्याभरात पहिल्यांदा बोलली, "आणा घण."

ती आत गेल्यावर रिकामा गोफ खुंटीला टांगून त्यात नोट अडकवून पाहिली. वाऱ्याने हलते.

वाजत नाही.