खाकी सदऱ्यावरचे पांढरे डाग

अहो,

आत्ता मांजरानं दुधावरची झाकणी पाडली. सगळं घर दणाणलं, पण तुम्ही नुसते खोकलात आणि कूस बदललीत. रात्रपाळी करून आलात, म्हणून उठवत नाही.

तुमचा खाकी सदरा मी उलटा करून सावलीतच वाळत घालते. उन्हानं रंग उडतो तो खांद्यावर, पाठीवर, सगळीकडे सारखा. तुमचा उडालाय तो बाह्यांवर आणि पोटावर, शिंतोडे पडल्यासारखा. माहेरी पटकी आली तेव्हा विहिरीत टाकायला आईनं ब्लीचिंग पावडर कालवली होती. तिच्या हिरव्या लुगड्यावर असेच पांढरे डाग पडले. तोच वास तुमच्या सदऱ्याला येतो. आणि मला सांगता, खोकी बांधायच्या खात्यात आहे म्हणून!

मी चिंचवडला उद्धवभाऊजींकडे चालले आहे. त्यांनीच तुम्हाला कारखान्यात लावलं, तेच साहेबांना सांगून खातं बदलून घेतील. खोकल्याचं दादाच्या कानावर घालू नकोस, असं तुम्ही बजावलंत, पण हे मी ऐकणार नाही. रागवायचं ते मी आल्यावर रागवा.

भाकरी टोपलीत आहे, पिठलं चुलीच्या वैलावर. पाणी कोमट करून प्या. सदरा शोधू नका, भाऊजींना दाखवायला नेते आहे.

त्याची घडी हातात घेऊन मालन दारात उभी आहे. मघापासून एकच विचारते: "आई, बाबांच्या आतपण असेच डाग पडलेत का?"