मायचं काय कोणाच्या वाट्याले

४ जानेवारी, नांदुरा
मायचं वर्षश्राद्ध झालं. पंगतीत जो तो एकच बोलला, "सुनीले पाह्यलं की मायच दिसते." नाक मायचं, आवाज मायचा, पदरात तोंड लपवून हसणंही तिचंच. मी थोरली. एस.टी.ची कंडक्टरकी सांभाळून मायले दवाखान्यात मीच नेत होती, धाकटी सुनी जळगाव जामोदले सासरी. माझ्याकडं पाहून मावशी एवढंच म्हणाली, "तू बापावर गेली वं." बाप आमचा तोंडानं कडू होता, हे तिले चांगलं माहीत हाय.

६ जाने.
वाटणी. पाटल्या मले, गोफ सुनीले. ते ठीक. पण मायचा अडकित्ता तिनं कोणाले न विचारता उचलला. माय दिवसभर गालात सुपारी धरायची, सुनीही धरते. मी खात नाही, म्हणून मी मागूच नये काय?

१९ जाने.
अकोल्याहून मायवर उपचार केलेल्या डॉ.बाईंचा फोन. माय होती तेव्हाच तिच्या जीनमध्ये दोष सापडला होता, छातीचा कॅन्सर त्याच्यानंच. तो आमच्यात उतरला का, पाहायचं म्हणे. सुई नाही, रक्त नाही. नळीत थुंकायचं. असला तर आधीपासून तपासण्या करता येतात, मायसारखा उशीर होत नाही.
मी विचारलं, "दोघीतून एकीलेच असंल ना?"
"ही वाटणी नाही ताई. दोघींत असू शकतो, दोघींत नसूही शकतो."
भीती वाटली. अन् तिच्या मागून भलताच विचार आला, हेही सुनीलेच भेटंल. मायचं ना.

२ फेब्रु., अकोला
सिस्टरनं विचारलं, "अर्ध्या तासात काही खाल्लं-प्यालं?" सुनी म्हणाली, "नाही जी." अन् डावा गाल फुगलेला. सुपारी. तिच्या लेखी ते खाणं नाहीच. मायच्याही लेखी नव्हतं, उपासालेही धरायची.
मी पाहिलं. बोलली नाही. खाटेवर माय बसायची तशीच बसली होती ती, अन् मले असा राग आला की...
सुनीची नळी तांबूस. सिस्टर तोवर दुसऱ्या पेशंटशी बोलत होत्या. झाकण लागलं.

२७ फेब्रु.
फोन आला. माझ्यात दोष नाही. ह्यांनी पेढे आणले. मी ड्युटीवर गेली. हातात तिकिटाची मशीन, अन् डोळे भरून येऊन राह्यले. एका म्हातारीनं विचारलं, "कोण गेलं वं माय?"
डॉ.बाई म्हणाल्या, "आईचा दोष तुमच्यात आला नाही." मले ऐकू आलं, मायचं तुझ्यात काहीच आलं नाही. येडेपणा हाय, समजते. तरी पेढा गोड लागला नाही.
सुनीचा नमुना खराब निघाला. पुन्हा द्या म्हणतात.

५ मार्च
सुनी नाही म्हणते. "खराब निघाला म्हंजे देवाचाच इशारा हाय ताई. होऊन होऊन काय होते?"
हुबेहूब माय. गाठ लागली तेव्हा मायही हेच म्हणाली होती, अन् दाखवायले उशीर झाला.
मी सांगून टाकलं, "इशारा कायचा? सुपारी होती तुझ्या गालात. मी पाह्यली होती."
"मंग तवा काऊन नाई बोलली?"
"तू मायवानी दिसत होती."
फोन ठेवला तिनं.

१२ मार्च
जळगाव जामोदची फेरी झाली, परतीच्या गाडीवर दुसरा कंडक्टर देऊन सुनीच्या घरी गेली. तिनं चहा पुढ्यात आदळला. मंग एकदम म्हणाली, "मायचे शेवटचे सारे दिवस तुले भेटले. रात्री पाणी तुझ्याच हातानं प्याली ते. मले काय भेटलं? नाक?"
हे कधी मनातच आलं नव्हतं. मले वाटे, जळणारी मी एकटीच. चहा गार झाला, तसाच प्याली.
निघताना म्हणाली, "तू येशीन त जातो."

१८ मार्च, अकोला
दवाखान्याच्या बाकावर म्हटलं, "आ कर."
"लोक पाहून राह्यले ताई."
"पाहू दे. आ कर."
केला. सुपारी नव्हती. खालचा दात मायसारखाच वाकडा, हेही आजच पाहिलं. चूळ भरायले लावली अन् सांगितल्याइतका वेळ तिले बोलूही दिलं नाही. नळी पांढरी भरली. रिपोर्टले वेळ लागंल म्हणाल्या.
परतताना गाडीत मी म्हटलं, "अडकित्ता मले दे."
"रिपोर्ट येऊ दे. चांगला आला त नेजो."
"अन् नाही आला त?"
मायचं सारं तिनंच न्यावं, नाक, आवाज, अडकित्ता, मी जळत राहीन, सवय हाय. हे एवढं तिच्या वाट्याले येऊ नये.