कापडी टेपने जिंकलेली लढाई

मी, खाली सही करणारा, धंद्याने शिंपी, वय चौऱ्याहत्तर, हे मृत्युपत्र पूर्ण शुद्धीत, स्वखुशीने आणि चष्मा लावून लिहीत आहे. माझ्यावर कोणाचा दबाव नाही. दबाव आणू पाहणाऱ्याची डाळ या घरात आजवर शिजलेली नाही.

१. दुकान, दोन्ही शिलाई मशीन आणि मोठी कात्री सुनेला. मुलाला सरळ टीप मारता येत नाही, हे त्यालाही मान्य आहे. राहते घर आणि बँकेतली ठेव मुलाला.

२. तीन पायांची खुर्ची मेहुण्याला. माझ्या शिशाच्या सैनिकांना तो 'बाहुल्या' म्हणाला तेव्हा याच खुर्चीवर बसला होता. तेव्हा तिला चारही पाय होते.

३. दुकानामागच्या खोलीतले बेतायचे जुने टेबल, त्यावरचे कापूस भरलेले डोंगर, आणि नेपोलियनच्या काळातली माझी फ्रेंच फौज माझा मित्र घड्याळजी याला. चारशे बारा शिपाई, बोटाच्या पेराएवढे, प्रत्येकाचा कोट मी स्वतः रंगवलेला. समोरची ऑस्ट्रियन फौज त्याचीच आहे.

४. आमचा नियम असा की आपली फौज आपणच मोजून पुढे न्यायची. तो स्टीलच्या पट्टीने मोजतो, मी टेपने. वाद झाला तर शिंप्याची टेप खरी, कारण पट्टी डोंगरावरून वाकत नाही. एकोणीस वर्षांपूर्वी माझे घोडदळ बारा इंचांची मुसंडी मारून त्याच्या तोफांवर जेमतेम पोचले आणि लढाई फिरली. तो म्हणाला, "घोडे पोचत नाहीत. टेप तपास." मी म्हणालो, "तू तुझे काटे बघ. मापं मला शिकवू नकोस." वर्षभर आम्ही बोललो नाही. मग एका रविवारी तोच आपल्या फौजेचा खोका घेऊन दारात उभा राहिला. पुढच्या बहुतेक लढाया मी जिंकल्या आणि गिऱ्हाइकांना मापे घेता घेता ऐकवल्या.

गेल्या महिन्यात सुनेने माझी टेप नव्या टेपशेजारी पसरली. वापरून वापरून ती ताणली आहे, साठ इंचांत दीड इंच. माझे घोडे पोचलेच नव्हते. मला लाज वाटली, अजून वाटते. सबब ती लढाई त्याच्या नावावर करावी आणि माझे नंतरचे सगळे विजय रद्द समजावेत.

पुरवणी. कलम चार माझ्यामागे वाचले जावे, असा बेत होता. सून म्हणाली, "बाबा, मेल्यावर माफी मागायला काय लागतं?" म्हणून आज, लढाई मांडून झाल्यावर, ते घड्याळजीला वाचून दाखवले.

"टेप ताणलीय, हे मला तेव्हाच कळलं होतं," तो म्हणाला.

"मग परत बोलला का नाहीस?"

"एकदा बोललो, तर वर्षभर माझ्या दुकानावरून मान फिरवून जात होतास. त्यापेक्षा हरणं बरं."

मी कागद बाजूला ठेवला. टेप सुनेच्या हाती दिली आणि त्याची पट्टी मागून घेतली. आज त्या पट्टीनेच मोजले. माझे घोडदळ अर्धा इंच कमी पडले आणि त्याच्या तोफांसमोर उघड्यावर उभे आहे. तरी ही लढाई मीच जिंकणार, आणि माझी प्रकृती पाहता या फौजेसाठी त्याला बरीच वर्षे थांबावे लागेल.

साक्षीदार: शेजारचे डॉक्टर (सही). वरच्या मजल्यावरच्या गणिताच्या बाई (सही). टेप त्यांनीही मोजून पाहिली.

मृत्युपत्र करणारा: शिंपी (सही).

स्थळ: दुकानामागची खोली. दिनांक: चौदा मार्च, रविवार. चाल घड्याळजीची.