सगुणाआत्याची खुर्ची

मी, वत्सला महिपत नागवेकर, वय पंचवीस, धंदा शिक्षिका, राहणार आरे, तालुका रत्नागिरी, हे मृत्युपत्र स्वतःच्या हाताने लिहीत आहे. येत्या सोमवारी मिरजेस माझ्या फुप्फुसावर शस्त्रक्रिया व्हायची आहे. फुप्फुसाचे डॉक्टर सांगतील. बुद्धी ठिकाणावर आहे हे मी सांगते. मला कोणी भरीस घातलेले नाही. उलट, "असलं अभद्र लिहू नको," म्हणून माझे वडील, आप्पा, कालपासून माझ्याशी बोलत नाहीत.

१. पोस्टातील माझी सर्व शिल्लक माझी आत्या सगुणा हिच्या खाण्यासाठी आहे. खाणे म्हणजे मासळी, अंडी, दूध, कुळथाची पिठी. ही रक्कम घराच्या कौलांना लावू नये. आई गेल्यावर आत्याने मला वाढवले. भात कांडताना तिचे दंड असे दिसत की आप्पा स्वतः होडी हाकणारे तांडेल असूनही तिच्याशी पंजा लढवीत नसत.

२. माझी पुस्तके शाळेला द्यावीत. मात्र उपासांमागच्या अज्ञानावर मी लिहिलेला निबंध, ज्याला कॉलेजात बक्षीस मिळाले, तो चुलीत घालावा. कारण लिहिणे भाग आहे.

दोन वर्षांपासून आत्या सोमवार, गुरुवार, शनिवार, एकादशी असे एकेक उपास धरू लागली. पंगतीला बसेना. शेजारच्या आनंदीबाई तिच्या पाया पडू लागल्या. मी तिला व्याख्याने दिली. "आत्या, देवाला तुझी भूक नको आहे!" मी खुर्चीत बसून बोले, ती दाराची चौकट धरून उभ्याने ऐके. मला वाटे, शिकलेल्या भाचीला मान देते.

गेल्या महिन्यात मी तापाने घरी होते. दुपारी पाणी प्यायला उठले, तर आत्या स्वयंपाकघरात उभीच होती. ताटली फळीवर ठेवून ती गार भात खात होती.

"आत्या, आज एकादशी ना?"

"जळली ती एकादशी. खाली बसलं की उठवत नाय गो बाय. पाय माजं ऐकत नायत. पंगतीतून चौघांनी धरून उठवायचं, त्यापेक्षा उपास बरा."

"मग मला का नाही सांगितलंस?"

"तू बोलू कुटं देतेस? तूच बोलतेस."

मी तिचा दंड धरला. माझा अंगठा आणि बोट एकमेकांना टेकले.

आत्याला तपासून गावचे डॉक्टर म्हणाले, हाडे ठीक आहेत. वयाने अंगावरचे मांस झडते, आणि उपाशी राहिले की लवकर झडते. पोटभर खाल्ले आणि रोज ऊठबस केली तर थोडे भरून येईल. या घरातली पहिली पदवीधर मी. माझ्या डोळ्यांदेखत माणूस झिजले आणि मी त्याला धर्मभोळेपणा म्हटले. याची मला लाज वाटते.

३. पहिल्या पगारातून घेतलेली माझी हातांची खुर्ची व टेबल आत्याला द्यावे. खुर्चीच्या हातांवर भार देऊन तिला उठता येईल. मी हे सुचवले तेव्हा आप्पा म्हणाले, "पुरुषांसमोर बाईमाणूस खुर्चीत बसून जेवणार? गाव हसेल." उपासांवर तासभर बोलणारी मी तेव्हा गप्प बसले. मेलेल्या मुलीची इच्छा ते मोडणार नाहीत, या भरवशावर हे कलम घातले आहे.

४. माझे मनगटी घड्याळ आप्पांना द्यावे. त्यांनी रुसवा सोडावा.

वरील मजकूर साक्षीदारांसमक्ष घरात वाचून दाखवला. आत्या भिंतीला टेकून उभी होती. ती म्हणाली, "म्हंजे तू मेल्यावर मी बसायचं? आनी तू जगलीस तर?"

साक्षीला आलेले भिकाजी मास्तर हसले. मी पुन्हा टाक उचलला.

सबब कलम तीन मी खोडले आहे. खुर्ची व टेबल मी आजच आत्याला दिले. यापुढे ते माझ्या मिळकतीत धरू नये. याच खोलीत, सर्वांसमोर, आत्या खुर्चीत बसली. आप्पा उठून पडवीत गेले. आत्या उठली नाही.

सही : वत्सला महिपत नागवेकर

खाडाखोड व सही आमच्यासमोर झाली :
भिकाजी विठू मयेकर, शाळामास्तर
मजीद हसन मुकादम, होडीवाले

मुक्काम आरे, तारीख १४ नोव्हेंबर १९५७