निळा स्कर्ट

प्रिय व्हर्नेलमावशी,

लेकाला पहिल्यांदा भेटायला बर्मिंगहॅमहून चर्चच्या बसनं चार तास आले होते मी, आणि तुरुंगाच्या फाटकावरचा पहारेकरी म्हणाला, "खाकी स्कर्ट? हा कैद्यांचा रंग. परत जा." मी तिथंच भोकाड पसरलं. ओळखदेख नसताना तुम्ही तुमच्या गाडीची डिकी उघडून निळा स्कर्ट काढलात आणि ओरडलात, "रडतेस काय, बये! चढव हा. दोन पिना लाव, माझं ढुंगण मोठंय!"

परत द्यायला आले की म्हणायचात, "तुझा लेक सुटला की दे."

माझ्या कॉर्नेलला चौदा वर्षांची शिक्षा झाली. त्याच गाडीत, नशेच्या त्याच पुडीसोबत सापडलेला गोरा टॅनर नुसती ताकीद ऐकून घरी गेला होता. भेटीला येणाऱ्या त्या बसमध्ये मी इतक्या वर्षांत दोनच गोऱ्या बाया बघितल्या.

कॉर्नेल मंगळवारी सुटला, मावशी. तुम्ही वर्षभर आधीच गेलात. तरी रविवारी मी स्कर्टला इस्त्री केली आणि बस धरायला निघाले.

"आता कुणाला भेटायला?" कॉर्नेलनं विचारलं.

"स्कर्ट परत करायला."

फाटकाशी खाकी स्कर्टातली एक पोर रडत उभी होती. तिला तीन पिना लागल्या.

तुमचीच,
लुरीन